बरोबरच्या चिन्हापलीकडले गणित

शहरातल्या कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये एक छोटी पाटी असते. 'क्षमता ८ व्यक्ती, ५४४ किलो.' आपण ती रोज पाहतो आणि रोज विसरतो. पाटीमागचा हिशेब साधा आहे. एका माणसाचे वजन सरासरी ६८ किलो धरायचे आणि त्याला आठाने गुणायचे. पण लिफ्टमध्ये बरोबर आठच माणसे चढली पाहिजेत असे ही पाटी सांगत नाही. एकटादुकटा चढला तरी लिफ्ट चालते, पाच चढले तरी चालते. नववा चढला की मात्र कुरकुर सुरू होते. म्हणजे पाटीवरचा आकडा हे उत्तर नव्हे, ती मर्यादा आहे. तिच्या अलीकडे जे जे येते ते सगळे चालते.

आपले रोजचे बोलणे अशा मर्यादांनी भरलेले असते. 'निदान दोन तास तरी अभ्यास कर', 'फार तर पन्नास माणसे बोलवू', 'हजाराच्या आत बसव', 'दहाच्या आधी घरी ये'. यातल्या एकाही वाक्यात 'बरोबर' हा शब्द नाही. शाळेत मात्र बीजगणित म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते बरोबरचेच चिन्ह. क्ष बरोबर किती, एवढेच विचारायचे आणि एका आकड्याखाली दोन रेघा मारून मोकळे व्हायचे. मग एके दिवशी फळ्यावर बरोबरच्या जागी कोन केलेले चिन्ह येते आणि वर्ग गोंधळतो. पुस्तकात त्याला कुठे 'असमता', कुठे 'असमीकरण', कुठे 'असमानता' म्हटलेले असते. नाव काहीही घ्या, मुलांच्या लेखी ते एकच असते. 'ते चिन्ह उलटायचे प्रकरण.'

हे प्रकरण गणितात फारसे गुणांचे नाही म्हणून बऱ्याचदा उरकले जाते. एक नियम सांगायचा, वीस उदाहरणे सोडवून घ्यायची, पुढे जायचे. पण या लहानशा प्रकरणात मुलाचे गणिताशी नाते जुळते किंवा तुटते. इथला नियम कारणासकट समजला तर गणित ही विचार करण्याची गोष्ट आहे हे कळते. नुसता पाठ केला तर गणित म्हणजे कुणीतरी घातलेल्या अटी, अशी समजूत घट्ट होते. म्हणून त्याच्या सरावाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे.

चिन्हांची उशिरा आलेली जोडी

बरोबरचे चिन्ह पहिल्यांदा छापले गेले ते १५५७ साली, रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समध्ये जन्मलेल्या लेखकाच्या पुस्तकात. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतके एकसारखे दुसरे काय असणार, असा त्याचा विचार होता. मोठे-लहान दाखवणारी आजची चिन्हे छापील पुस्तकात आली ती १६३१ साली, म्हणजे त्यानंतर ७४ वर्षांनी. ते पुस्तक थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाचे. तो १६२१ सालीच वारला होता आणि पुस्तक त्याच्यामागे दहा वर्षांनी निघाले. 'पेक्षा मोठे किंवा बरोबर' यासाठी कोनाखाली रेघा देण्याची पद्धत १७३४ साली पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने वापरली. त्याने दोन रेघा दिल्या होत्या, आपण आज एकच देतो.

चिन्हे उशिरा आली तरी कल्पना फार जुनी आहे. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृतींचा आधार घेऊन 'पाय' ही संख्या तीन पूर्णांक एक सप्तमांशापेक्षा लहान आणि तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशापेक्षा मोठी आहे, हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केले. तीन पूर्णांक एक सप्तमांश म्हणजेच आपले शाळेतले २२/७. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती पायची 'किंमत' म्हणून घोकली. वास्तविक ती किंमत नव्हे, ती वरची मर्यादा. आर्किमिडीजने लिहिली होती असमता आणि आपण तिचे समीकरण करून टाकले.

चिन्ह उलटते का?

आता मूळ अडचणीकडे येऊ. असमतेच्या दोन्ही बाजूंत सारखीच संख्या मिळवली किंवा वजा केली तर काही बिघडत नाही. एकाकडे ५ रुपये आणि दुसऱ्याकडे ३ रुपये असतील आणि दोघांनाही दहा-दहा रुपये दिले, तर पहिल्याकडे जास्त होते ते जास्तच राहतात. दोघांचेही पैसे दुप्पट केले तरी तेच. मुलांना हे सांगावे लागत नाही.

पण दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले तर चिन्हाची दिशा उलटते. का उलटते? याचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला, त्यात शून्य, धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले आहेत. धन म्हणजे जवळची संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, हा त्या शब्दांचा साधा अर्थ. मराठी मुलाला हे शब्द परके नाहीत. मग त्याला एवढेच विचारावे. एकाकडे ५ रुपये शिल्लक आहेत, दुसऱ्याकडे ३. बरी स्थिती कुणाची? पाचवाल्याची. आता दोघांच्या शिलकीचे तेवढेच कर्ज झाले असे समज. एकाच्या डोक्यावर ५ रुपयांचे देणे, दुसऱ्याच्या डोक्यावर ३ रुपयांचे. आता बरी स्थिती कुणाची? तीनवाल्याची. उणे एकने गुणणे म्हणजे धनाचे ऋण करणे. धनात जो पुढे तो ऋणात मागे. ५ > ३, पण −५ < −३. चिन्ह उलटते ते कुणाच्या हुकमाने नव्हे, व्यवहाराने.

हेच संख्यारेषेवर दाखवता येते. शून्यावर आरसा उभा धरला आहे अशी कल्पना करावी. आरशात डावे-उजवे बदलते. उजवीकडे जो लांब होता तो डावीकडे लांब जातो.

ज्या मुलाला हेही पटत नाही, त्याला नियमाशिवाय उदाहरण सोडवून दाखवावे. −२क्ष < ६ हे घ्या. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. दोन्ही बाजूंतून ६ वजा करा: −६ < २क्ष. दोनाने भागा: −३ < क्ष. म्हणजे क्ष हा −३ पेक्षा मोठा. उलटण्याचा नियम कुठेही वापरला नाही आणि उत्तर तेच आले. नियम हा या तीन पायऱ्यांचा आखूड रस्ता आहे, एवढे कळले की तो पाठ करावा लागत नाही, आणि विसरला तरी पुन्हा शोधता येतो.

चुका कुठे होतात

नियम नुसता पाठ असला की चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली चूक म्हणजे उलटायला विसरणे. दुसरी तिच्या अगदी विरुद्ध. २क्ष > −६ या उदाहरणात मुलगा उणे चिन्ह पाहतो आणि लगेच उलटतो: क्ष < −३. इथे भागायचे आहे ते अधिक दोनाने, उणे आहे ती दुसऱ्या बाजूची संख्या. बरोबर उत्तर क्ष > −३. उणे दिसले की उलटा, असा नियम डोक्यात बसलेला असतो. 'ऋण संख्येने भागले तर' हा त्यातला अर्धा भाग गळून गेलेला असतो.

तिसरी चूक पुढच्या वर्गांत दिसते. ६/क्ष > २ असे दिले की मुलगा दोन्ही बाजूंना क्षने गुणून मोकळा होतो आणि क्ष < ३ असे लिहितो. हे उदाहरण खरे तर रेषीय नाही, पण वर्गात भेटतेच. क्षच्या जागी −१ घालून पाहा. डावीकडे −६ येते आणि ते २ पेक्षा मोठे नाही. चूक अशी की क्ष धन आहे की ऋण, हे ठाऊक नसतानाच त्याने गुणले. खरे उत्तर ० आणि ३ यांच्या मधल्या संख्या एवढेच आहे.

चौथी चूक गणिताची नाही, भाषेची आहे, आणि ती मराठीतून शिकणाऱ्या मुलांची खास आहे. 'कमीत कमी ३५ गुण हवेत' या वाक्यात 'कमी' हा शब्द दोनदा येतो. मुलगा तो वाचतो आणि ३५ पेक्षा लहानचे चिन्ह काढतो. 'जास्तीत जास्त ५४४ किलो' वाचून मोठेचे चिन्ह काढतो. दोन्ही ठिकाणी अर्थ नेमका उलटा आहे. कमीत कमी ३५ म्हणजे ३५ किंवा त्याहून अधिक. यावर उपाय सोपा आहे. चिन्ह लिहिण्याआधी विचारावे, '३४ चालतील का? ३५ चालतील का? ३६ चालतील का?' तीन प्रश्नांत चिन्हही ठरते आणि त्याखाली रेघ द्यायची की नाही तेही ठरते.

ती रेघ क्षुल्लक नाही. मताधिकारासाठी वय अठराहून कमी नसावे, असे आपल्या घटनेचे ३२६ वे कलम सांगते. म्हणजे अठरा पूर्ण झालेला मतदार आहे. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीपूर्वी तिथे एकवीस होते. चिन्ह तेच राहिले, फक्त संख्या बदलली, आणि कोट्यवधी तरुणांना मत मिळाले. संख्यारेषेवर भरीव टिंब काढायचे की पोकळ वर्तुळ, असा कंटाळा करणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर द्यावे.

सराव कसा असावा

एकाच साच्याची वीस उदाहरणे ओळीने सोडवली की हात चालू लागतो, डोके थांबते. दहा उदाहरणांत चिन्ह उलटवलेला मुलगा अकराव्यातही उलटवतो. म्हणून उदाहरणे मिसळून द्यावीत. एकात क्षचा सहगुणक ऋण, दुसऱ्यात सहगुणक धन पण उजवी बाजू ऋण, तिसऱ्यात क्ष दोन्ही बाजूंना. मधेच २(क्ष + ३) > २क्ष + १ असे एखादे टाकावे. सोडवता सोडवता क्ष नाहीसा होतो आणि ६ > १ एवढेच उरते. ते नेहमीच खरे, म्हणजे कुठलीही संख्या उत्तर आहे. त्यामागोमाग ३क्ष + २ < ३क्ष − ४ द्यावे. तिथे २ < −४ उरते. ते कधीच खरे नाही, म्हणजे उत्तरच नाही. हे दोन धक्के मुलाला थांबून विचार करायला लावतात.

ताळा हा सरावाचा दुसरा अर्धा भाग आहे. समीकरणात उत्तर परत घालून दोन्ही बाजू सारख्या आल्या की काम संपते. असमतेची उत्तरे अगणित असतात, सगळी तपासता येत नाहीत. मग तीन तपासावीत. सीमेवरची एक, उत्तरातली एक आणि उत्तराबाहेरची एक. −३क्ष < १२ चे उत्तर क्ष > −४ आले. −४ घातले तर १२ = १२, म्हणजे सीमा बरोबर सापडली. शून्य घातले तर ० < १२, खरे. −५ घातले तर १५ < १२, खोटे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ते करण्याची सवय लागलेला मुलगा चिन्हाची चूक स्वतःच पकडतो. उत्तर बरोबर आहे की नाही हे बाईंना किंवा गाईडला विचारायची गरज त्याला उरत नाही. गणितातला आत्मविश्वास म्हणतात तो एवढाच.

शाब्दिक उदाहरणांत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. सहलीची बस ६,००० रुपये घेते, जेवणखाण दर मुलामागे १२० रुपये आणि हाताशी १२,५०० रुपये आहेत. किती मुले नेता येतील? ६,००० + १२०क्ष ≤ १२,५००, म्हणून क्ष हा ५४ आणि थोडा अपूर्णांक इथपर्यंत. अपूर्णांक मूल नसते, म्हणून उत्तर ५४. आता दुसरे उदाहरण. समजा महिन्याचा पास ३५० रुपयांचा आणि जायचे-यायचे तिकीट ३० रुपयांचे. किती दिवस प्रवास केला तर पास परवडेल? ३०क्ष > ३५०, म्हणजे क्ष हा साडेअकराहून थोडा जास्त. उत्तर १२ दिवस. पहिल्यात अपूर्णांक टाकून खाली यायचे, दुसऱ्यात वर जायचे. हे कुठल्या नियमात बसत नाही, प्रश्न समजून घ्यावा लागतो.

कधी कधी असमता कडू सत्यही सांगते. चार चाचण्यांची सरासरी ६० हवी आणि पहिल्या तीनमध्ये ५२, ६१ आणि ५८ गुण पडले, तर चौथीत किमान ६९ हवेत. करता येण्यासारखे आहे. पण पहिल्या तीनमध्ये ५२, ४१ आणि ४३ पडले असतील तर चौथीत १०४ हवेत, आणि पेपर तर शंभराचा. उत्तर निघाले तरी ते शक्य नाही, हे ओळखणे हाही उत्तराचाच भाग आहे.

खिचडीतली असमता

एवढे सगळे परीक्षेपुरते, असे कुणाला वाटेल. म्हणून मुलांच्या ताटाकडेच पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो धान्यच मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण द्यावे, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, आणि वर्षातून किमान २०० दिवस ते मिळावे. बीजगणिताच्या भाषेत पाहिले तर तो आदेश म्हणजे असमतांची यादी होती. पुढे हे प्रमाण वाढवून पहिली ते पाचवीसाठी किमान ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे झाले. त्यासाठी दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरले.

डाळ २० ग्रॅमच का? सातवी-आठवीतला मुलगा हे काढू शकतो. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. भाजीतून एखादा ग्रॅम धरू. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.२२. तर ७ + १ + ०.२२क्ष ≥ १२. यातून क्ष ≥ १८.२ असे येते. २० ग्रॅम पुरतात, थोडी सवडही राहते. पण वाढताना डाळ १५ ग्रॅमच पडली तर प्रथिने ११.३ ग्रॅम होतात आणि असमता मोडते. पातळ खिचडी आणि घट्ट खिचडी यांच्यातला फरक असा एका ओळीत मांडता येतो. ज्या मुलाला ही ओळ लिहिता येते त्याला आपल्या ताटात काय असायला हवे ते ठाऊक असते, आणि ते मागताही येते.

फळ्यापासून दूरवर

स्वस्तात पुरेसे अन्न कसे मिळवायचे हा प्रश्न अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली मांडला होता. ७७ खाद्यपदार्थ, नऊ पोषक घटक आणि प्रत्येक घटकासाठी 'किमान एवढे' अशी अट. हुशारीने अंदाज बांधत त्यांनी उत्तर काढले. १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी अशा असमतांचे संच सोडवण्याची 'सिम्प्लेक्स' पद्धत शोधली आणि तिची परीक्षा याच प्रश्नावर घेतली गेली. टेबलावरच्या हिशेबयंत्रांनी १२० मनुष्यदिवस काम करून उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लर यांचा अंदाज फक्त २४ सेंटांनी चुकला होता. त्याआधी १९३९ साली लेनिनग्राडला लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूड कारखान्यातल्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी या प्रश्नातून हाच विषय उभा केला होता. १९७५ साली त्यांना त्याबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

या गोष्टीत एक मराठी नावही आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि १९७८ साली पवईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत असताना नवी पद्धत मांडली. असमतांनी आखलेला प्रदेश म्हणजे पैलू पाडलेला हिरा समजा. सिम्प्लेक्स पद्धत त्याच्या कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाते. करमरकरांची पद्धत हिऱ्याच्या आतून वाट काढते. हजारो अटींच्या प्रश्नांत हा फरक फार मोठा ठरतो. ती बातमी त्या वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली होती. विमानांची वेळापत्रके असोत की टेलिफोनचे जाळे, मूळ वस्तू तीच, फळ्यावरचे कोन केलेले चिन्ह.

प्रत्येक मूल करमरकर होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. पण प्रत्येक मूल मोठे होऊन पगार, कर्जाचा हप्ता, औषधाची मात्रा, वयाची अट आणि घरखर्च यांच्या मर्यादांत जगणार आहे. तिथे त्याला 'क्ष बरोबर किती' असे कुणी विचारणार नाही. कुठून कुठपर्यंत चालेल, हे विचारले जाईल.

सरावाची एक सोपी सुरुवात आज, रविवारी, घरच्या घरी करता येईल. हातातला हाच अंक मुलांसमोर पसरावा आणि 'किमान', 'कमाल', 'पर्यंत', 'च्या आत', 'पेक्षा कमी नाही' अशी पाच वाक्ये शोधायला सांगावीत. नोकरीच्या जाहिराती, निविदा, हवामानाचा रकाना, बँकांच्या योजना, कुठेही ती सापडतील. प्रत्येक वाक्य चिन्हात लिहावे, संख्यारेषा काढावी आणि सीमेवरचे टिंब भरीव की पोकळ यावर थोडा वाद घालावा. 'दहा दिवसांच्या आत' यात दहावा दिवस धरायचा की नाही, यावर मोठ्यांचेही एकमत होणार नाही.